मुकादमिणीची सून

फोन हातात उंच धरून मुकादमीण चढ चढायला लागली की मागून येणाऱ्या तिच्या टोळीतल्या बायकांना हसू आवरत नसे. दिवसभर ओणवं राहून कंबरा ढिल्या झालेल्या असायच्या, नखांत माती रुतलेली असायची, पाय उचलत नसायचे. तरी हसायच्या.

"अक्का, अजून थोडा वर धर," सगळ्यांची मावशी मागून म्हणाली. "ढगाला टेकला की येईल."

"तू आधी पाय उचल. अंधार पडेल तुझ्या नादाने," मुकादमीण वळून न बघताच म्हणाली.

ओढ्याकाठचं ते रान खोलगट होतं. आत उतरलं की सगळ्यांच्याच फोनची रेंज जायची, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण चढ संपून रस्त्याला लागलं की बाकीच्यांचे फोन एकामागून एक वाजायला लागायचे. कुणाचा नवरा, कुणाची आई, कुणाची लेक. मुकादमिणीचा फोन तेवढा गप्प. वर कोपऱ्यात एक बारीक फुली, आणि ती फुली घर येईपर्यंत, हातपाय धुऊन होईपर्यंत, चूल पेटेपर्यंत तशीच राहायची. मग कधीतरी त्याच्या मनात आलं की रेंज यायची. तोवर उद्याच्या कामाचे सगळे फोन होऊन गेलेले असायचे.

शेतमालकांची रीत ठरलेली होती. दिवस कलला की ते उद्यासाठी बायका शोधायला लागायचे. पहिला फोन ओळखीच्या मुकादमिणीला, तो नाही लागला तर दुसरीला. थांबून कुणी राहत नसे. त्यात यंदा कांद्यावर करपा पडला होता. पात पिवळी पडून जागच्या जागी बसली होती आणि निम्म्या रानांत काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कामं थोडी आणि टोळ्या तेवढ्याच.

एकट्या तात्यांचा कांदा टिकला होता. टेकाडापलीकडे त्यांची दोन मोठी रानं होती, एक वरचं आणि एक खालचं. पाणी हाताशी, फवारण्या वेळेवर. तिथलं काम मिळालं की टोळीला हंगाम संपेपर्यंत दुसरीकडे बघायला नको. तात्यांनी मुकादमिणीला शब्दही दिला होता. "माना पडल्या की फोन करीन. बायका घेऊन यायचं," असं म्हणाले होते. कांदा पिकला की त्याची पात मानेतून मोडून आडवी होते, त्याच माना. आणि जाता जाता बजावलंही होतं, "दारात येऊन उभी राहू नकोस. विचारायला आलेल्या माणसाला मी काम देत नसतो. फोन करीन म्हणजे करीन."

म्हणून जायची सोय नव्हती. फोनचीच वाट बघायची होती, आणि फोन असा.

टोळीत मुकादमिणीची धाकटी जाऊ होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला विळा धरता येत नव्हता. मुकादमिणीनेच तिला शेजारच्या वाफ्यात घेऊन शिकवलं होतं. आता तिचा हात टोळीत सगळ्यांत चपळ. तिचा फोनही नवा, चढाच्या निम्म्यात आली की वाजायचा.

"अक्का, एक सुचवू?" ती बरोबरीला येऊन म्हणाली. "सगळ्या मालकांना माझा नंबर देऊन ठेव. तुझा दुरुस्त होईपर्यंत."

"होईल दुरुस्त."

"कधी? तो चिंचेच्या रानाचा मालक काल मला रस्त्यात म्हणाला, तुमच्या मुकादमिणीला माज आलाय, फोन उचलत नाही."

"उचलत नाही काय? लागत नाही तो! लागायला नको का उचलायला?"

"त्याला काय माहीत? काम गेलं ना आपलं."

मुकादमिणीने चाल वाढवली. तिला जावेचा राग आला होता आणि राग यावा असं जाऊ काही बोलली नव्हती, याचा आणखी राग आला होता. ज्या नंबरवर फोन येतात त्या नंबरची टोळी, हे दोघींनाही ठाऊक होतं. आज नंबर दिला की उद्या मालक म्हणणार, धाकटीशी बोलणं झालंय. परवा धाकटी ठरवणार कोण येणार आणि कोण नाही. आणि धाकटी ठरवायला लागली की पहिली कुऱ्हाड मावशीवर पडणार. मावशीचे गुडघे गेले होते. सगळ्यांचे वाफे संपले तरी तिचा निम्मा राहायचा, मग मुकादमीण उलट दिशेने तिच्या वाफ्यात शिरायची आणि दोघी मध्ये कुठेतरी भेटायच्या. जाऊ हे बघून बघून कंटाळली होती. "तिच्यापायी आपण सगळ्या हळू दिसतो," असं ती दोनदा म्हणालीही होती.

घरी नवरा ओट्यावर बसला होता. बाजारात हमाली करायचा, पण यंदा कांदाच येईना म्हटल्यावर गोण्या उचलायच्या कुणाच्या? दिवस दिवस बसून त्याच्या खांद्यांना काम आठवत होतं आणि तोंडाला दुसरं काम उरलं नव्हतं.

"आला का फोन?" त्याने विचारलं.

"रेंजच नाही त्याला."

"रेंज कशी नाही? इथे तर आहे. बघ की, भरलीय."

"आत्ता आली. दारात पाय ठेवल्यावर."

"मग चांगला आहे की फोन. तुलाच धरता येत नाही."

फोन त्यानेच आणला होता, एका जुन्या हमाल मित्राकडून, वापरलेला. आणला त्या दिवशी फडक्याने पुसून बायकोच्या हातात दिला होता. तेव्हापासून फोनला नाव ठेवलं की त्याला स्वतःला नाव ठेवल्यासारखं वाटायचं. मुकादमिणीला हे कळत नव्हतं असं नाही, पण दिवसभर वाकून आलेल्या बाईला किती जपायचं कुणाकुणाला?

"बंद करून चालू कर वर आलीस की," तो म्हणाला.

"केला की. चालू व्हायलाच त्याला इतका वेळ लागतो, तोवर मी घरी येते."

"मग खालीच बंद ठेव, वर येऊन चालू कर."

"तेच झालं ना ते!"

त्याने फोन तिच्या हातून घेतला, पाठ उघडली, बॅटरी काढली, सिम काढलं, सिमवर जोरात फुंकर मारली, शर्टाला घासलं आणि पुन्हा बसवलं. मग मोठं काम उरकल्यासारखा भिंतीला टेकला. दुसऱ्या दिवशी चढावर फोनवर तीच फुली होती.

त्या दिवशी दुपारी तिने आणखी एक करून बघितलं. जेवणं झाल्यावर बायका पाणी पीत होत्या तेवढ्यात ती एकटीच चढ चढून रस्त्यावर गेली. ऊन डोक्यावर होतं, तापलेली माती चपलेतून पोळत होती. वर उभी राहून तिने फोन डावीकडे धरला, उजवीकडे धरला, एका दगडावर चढली. फुली हलली नाही. खाली आली तेव्हा बाकीच्या कामाला लागल्या होत्या आणि मालकीण बांधावर उभी होती. करप्याने तिचं रान खाल्लं होतं, काढून काढून गोट्यांएवढे कांदे निघत होते, आणि तो राग कुणावर तरी निघायचाच होता.

"फिरून आलात?" मालकीण म्हणाली.

"फोन बघायला गेले होते, वहिनी. रेंज नाही खाली."

"मी कांदे काढायला बोलावलंय. फोन बघायला नाही. मुकादमीण अशी, तर बाकीच्या कशा?"

सगळ्या बायकांच्या माना खाली होत्या आणि सगळ्यांचे कान वर होते. मुकादमिणीने आपला वाफा धरला. कांद्याची पात मुठीत धरून ओढली तर पात तुटून हातात आली आणि कांदा मातीत राहिला. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं क्वचितच झालं असेल. तिने बोटांनी माती उकरून तो कांदा काढला, बघितला आणि ढिगावर टाकला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण घाम तर सगळ्यांच्याच डोळ्यांत असतो.

संध्याकाळी तिने ठरवलं, उद्या खाडा झाला तर झाला, बाजारात जाऊन फोन दाखवायचाच.

मोबाइलवाल्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. काचेच्या कपाटात कव्हरं लटकत होती, आणि आत स्टुलावर एक पोरगेलासा माणूस डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी फोन उसवून बसला होता. तिच्या आधी आलेल्यांची कामं होईपर्यंत ती बाहेरच्या पायरीवर बसली. मग नंतर आलेल्या एकाचंही झालं, कारण त्याला घाई होती. तिला घाई नाही हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे.

शेवटी त्याने तिचा फोन घेतला, बटण दाबलं आणि परत तिच्यापुढे धरला.

"फुल रेंज आहे."

"इथे आहे हो. ओढ्यात जाते."

"मग ओढ्यात कशाला जाता?"

"कांदा ओढ्यात आहे."

त्याने भिंग कपाळावर सरकवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

"खोलगट जागेत रेंज जाणारच, बाई. सगळ्यांची जाते."

"जाऊ दे की. जाण्याबद्दल नाही म्हणत मी. वर आल्यावर बाकीच्यांची येते, माझी येत नाही. घरी जाऊन चूल पेटवली की येते."

"चुलीचा काय संबंध?"

"तेच विचारायला आले ना मी!"

शेजारच्या दुकानातला चहावाला हसला. मोबाइलवाल्यालाही हसू आलं, पण त्याने फोन उघडला. आतली पट्टी बघितली, सिम खोडरबरने पुसलं, कसल्यातरी यादीत जाऊन दोन-तीन खुणा केल्या. मेसेजची पेटी गच्च भरलीय म्हणाला, नवा मेसेज यायला जागाच नाही. ती म्हणाली, वाचणार कोण, धाकटी जाऊ म्हणते सगळ्या जाहिराती असतात. त्याने त्या पुसून टाकल्या.

"फोन जुना झालाय," तो मग म्हणाला. "खाली रेंज नसली की हा शोधत बसतो. शोधून शोधून थकतो आणि डुलकी काढतो. तुम्ही वर आलात, रेंज आली, पण हा झोपलेला. मधूनमधून डोळा उघडून बघतो, तोवर तुम्ही घरी."

"मग याला उठवायचं कसं?"

"हे बघा." त्याने पडद्यावरून बोट खाली ओढलं. बारीक बारीक चित्रांची रांग आली. "हे विमान दिसतंय? वर आलात की विमानाला बोट लावा. दहा म्हणा. परत बोट लावा. की हा खडबडून जागा होऊन पहिल्यापासून शोधायला लागतो."

तिने तिथेच करून बघितलं. बोट राठ होतं, चिरा पडलेलं, पडद्याला कळेचना. मोबाइलवाला म्हणाला, नखाने नको, बोटाच्या पोटाने दाबा. तिने बोट पदराला पुसलं आणि पुन्हा लावलं. विमान निळं झालं. दहा म्हणून झाल्यावर पुन्हा लावलं, विमान विझलं आणि बघता बघता रेंजच्या काड्या उभ्या राहिल्या. तिला इतका आनंद झाला की पैसे देताना तिने घासाघीससुद्धा केली नाही, आणि ही बाई घासाघीस न करता भाजीची जुडी घेत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चढ संपला तशी ती थांबली. बायकाही थांबल्या. तिने बोट पुसलं, विमानाला लावलं.

"एक, दोन, तीन," मावशी मोठ्याने म्हणायला लागली. बाकीच्यांनी सूर धरला. जाऊही म्हणत होती. दहा झाले, मुकादमिणीने पुन्हा बोट लावलं. फुली गेली. काड्या आल्या, एक, दोन, मग सगळ्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मुकादमीण लहान पोरीसारखी हसली. त्या रस्त्यावर तिला कुणी इतकं हसताना बघितलं नव्हतं.

आणि खरंच, लगेच फोन वाजला. तिने घसा साफ केला आणि उचलला. पलीकडे मिरचीवाला होता, ओळखीचा, बडबड्या.

"मोकळ्या आहात ना उद्यापासून?" तो म्हणाला. "थोडी मिरची तोडायचीय. म्हटलं तात्यांकडे तर सकाळपासून पलीकडच्या वस्तीची टोळी लागलीय, म्हणजे तुम्ही रिकाम्याच असणार."

"कुणाकडे लागलीय?"

"तात्यांकडे हो. वरच्या रानात. तुम्हाला माहीत नाही?"

मुकादमिणीने फोन कानापासून दूर केला. तो बिचारा आतून हॅलो हॅलो करत राहिला. बायकांना काही सांगावं लागलं नाही, रस्ता इतका शांत होता की सगळ्यांनी ऐकलं होतं. तिने तात्यांना फोन लावला. वाजला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तात्यांनी उचलला नाही.

"उद्या जाऊन विचारू," जाऊ म्हणाली. "सगळ्याच जाऊ."

"दारात आलेल्याला देत नाहीत ते."

"दुसऱ्यांना दिलंच आहे. आता आणखी काय नाही देणार?"

ओढ्यातलं काम संपलंच होतं. सकाळी सगळ्या टेकाड ओलांडून गेल्या. वरच्या रानात पलीकडची टोळी वाफ्यावाफ्यांतून ओणवी झाली होती. काढलेला कांदा ओळीने पसरला होता, लालभडक, हातात मावणार नाही असा.  तिकडच्या बायकांनी मान वर करून बघितलं, एकमेकींना कोपर मारली आणि पुन्हा खाली घातली.

तात्या झाडाखाली खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, माणूस ओळखायचे ते आवाजावरून. फोन शेजारी उशीवर ठेवलेला होता. शहरातल्या मुलाने तो दिला होता आणि कुठे दाबलं की कोण लागतं एवढं शिकवून गेला होता.

"तात्या, मी मुकादमीण."

"हां. आलीस का परत?" तात्या म्हणाले. "झालं तिकडचं काम?"

"कुठलं काम?"

"ते तू सांगायचं. मी इथे फोन करतोय, करतोय, आणि तू बाहेर! जायचं होतं तर आधी सांगून जायचं. शब्द घेतला होता तू माझ्याकडून."

"मी कुठे बाहेर गेले, तात्या? ओढ्याच्या रानात होते मी, रोज."

"मग तुझी सून खोटं बोलली म्हणायची."

मुकादमीण बघत राहिली. तिला एकच मुलगा होता आणि तो अजून शाळेचं दप्तर फेकून खेळायला पळायच्या वयाचा होता.

"कोण सून?"

"आता मला काय नाव माहीत? तुझ्या फोनवर असते ती. बोलायला गोड आहे, नाही म्हणत नाही मी. अगदी अदबीने म्हणाली, ती व्यक्ती क्षेत्राच्या बाहेर आहे. मी म्हटलं, बाई, बाहेर गेली हे कळलं, पण येणार कधी? तर पुन्हा तेच. मग इंग्रजीत सांगायला लागली. मी काय इंग्रजी शाळेत गेलोय? म्हटलं कांद्याच्या माना पडल्यात, तिला निरोप दे. तर म्हणते कशी, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. सासू मुकादमीण आणि सून ही अशी साहेबीण! तीनदा फोन केला, तीनदा तेच. मग मलाही मान आहे की नाही? दिलं काम दुसरीला."

वरच्या रानातले हात थांबले होते. इकडे मुकादमिणीच्या मागे मावशीच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मुकादमिणीला मात्र हसू येत नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, ती सून नव्हे, ते यंत्र आहे, ती बाई सगळ्या जगाशी हेच बोलते, तिच्यापायी माझा हंगाम गेला. तोंड उघडलंही होतं तिने. पण वरच्या रानातल्या त्या टोळीपुढे, आपल्याच झाडाखाली, म्हातारा यंत्राशी भांडत बसला होता हे त्याला तोंडावर सांगितलं असतं, तर त्याची सगळ्यांदेखत शोभा झाली असती, आणि मग काम सोडाच, त्याने बांधावर पाय ठेवू दिला नसता. आणि न सांगावं तर स्वतःच्या घरात नसलेल्या सुनेचा अपराध डोक्यावर घ्यायचा. 

तेवढ्यात जाऊ पुढे झाली. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि खाली वाकली.

"तात्या, मीच ती," ती म्हणाली. "चुकलं माझं."

मुकादमिणीने तिच्याकडे बघितलं. जावेने तिच्याकडे बघितलं नाही.

"तू?" तात्यांनी कान पुढे केला. "आवाज तर जाडा वाटतोय. फोनवर मंजूळ होता."

"सर्दी झालीय, तात्या. उन्हातान्हाची."

"अस्सं? मग ते इंग्रजी काय बोललीस ते बोल बघू."

 टोळीतल्या प्रत्येकीने कधी ना कधी मुकादमिणीला फोन लावला होता, आणि प्रत्येकीला ते पाठ होतं. जावेने तर दिवसातून कितीदा ऐकलं असेल. तिने डोळे मिटले आणि नाकात, हेल काढून, शब्द न शब्द म्हणून दाखवला. "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा." आणि दम न घेता पुढे, "द पर्सन यू आर कॉलिंग इज आउट ऑफ कव्हरेज एरिया. प्लीज ट्राय अगेन आफ्टर सम टाइम."

"हीच ती!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. मावशी खाली बसली, गुडघे धरून, आणि तिचे खांदे हलायला लागले. सगळ्यांनाच पदर पुरेनात. मुकादमिणीलाही शेवटी आवरलं नाही. हसता हसता तिला जावेबद्दल इतकी माया दाटून आली की मघापर्यंतचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. ही आपल्यासाठी पुढे झाली, असं तिला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

तात्या आता मवाळ झाले होते. समोर येऊन कुणी चुकलं म्हटलं की त्यांचं अर्धं भांडण संपायचं.

"हे बघ," ते म्हणाले, "वरचं रान दिलंय, ते दिलं. माणसाने शब्द फिरवू नये. पण खालचं अजून कुणाला बोललो नाही. ते तुम्ही घ्या. तिथलं काढणं, मग पात कापणं, मग साठवणीच्या चाळीत भरणं. हंगाम निघेल तुमचा."

मुकादमिणीने दोन्ही हात जोडले.  मागे बायकांनी मोठा श्वास सोडला तो तिला पाठीवर जाणवला.

"मात्र एक," तात्या म्हणाले आणि उशीवरचा फोन उचलून पुढे केला. "ह्यात सूनबाईचा नंबर घालून दे. आता जे काय सांगायचं ते मी हिलाच सांगत जाईन. तुझ्या फोनवर मी तीनदा लावलं, तिन्हीदा सापडली ती हीच."

"तात्या, माझा फोन झाला आता दुरुस्त," मुकादमीण म्हणाली. "विमान दाबलं की लागतो. लावून बघा की."

"विमान-बिमान मला नको. मला माणूस पाहिजे बोलायला."

 आता मात्र जावेने मुकादमिणीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात विचारणंही होतं आणि उत्तरही. मुकादमिणीला वाटलं, आता म्हणावं की ही माझी सून नाही, मला सून नाहीच. पण मग मागच्या सगळ्यांचा हंगाम? तिच्या तोंडून जेमतेम शब्द आला.

"सांग," ती म्हणाली.

जावेने नंबर सांगितला. तात्यांना दिसत नव्हतं म्हणून तो मुकादमिणीलाच त्यांच्या फोनमध्ये घालावा लागला, एकेक आकडा, बोटाच्या पोटाने दाबून. आधीच्या तिच्या नंबरच्या जागी घाल, म्हणजे मला तेच बटण राहील, असं तात्या म्हणाले. तिने तसं केलं.

"लागतो का बघू," तात्यांनी बटण दाबलं. जावेच्या हातातला फोन इतक्या लगेच वाजला की ती स्वतःच दचकली. तात्यांनी समाधानाने मान डोलावली. "हां. असा पाहिजे फोन. मुकादमिणी, तू आता सुखाने काम कर. फोनचं बघेल सूनबाई. आणि सूनबाई, एक सांगतो, चपळ बायका तेवढ्या आण. पावसाआधी काढायचंय मला."

"हो, तात्या," जाऊ म्हणाली. लगेच म्हणाली.

आता कुणी हसत नव्हतं. खालच्या रानात कांद्याच्या माना सगळीकडे एकाच दिशेला पडल्या होत्या आणि ऊन चढायला लागलं होतं. मुकादमिणीने कमरेला पदर खोचला, खुरपं घेतलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाली, "चला गं."

बायका निघाल्या. पण निघण्याआधी प्रत्येकीने एकदा जावेकडे बघितलं, आणि सगळ्यांत आधी मावशीने.